लिंबाला काढलेले डोळे

आमच्या घरात भुतांना मज्जाव होता. आल्यागेल्याने चपला दाराबाहेर काढायच्या आणि त्यांच्या शेजारीच भूत, करणी, नजर, मुहूर्त हा सगळा पसाराही ठेवून यायचं, असा बाबांचा नियम. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच्या प्रतिज्ञा बाबांनी लहानपणीच तोंडपाठ केल्या होत्या. पण नुसत्या पाठ करून भागत नाही, पाळाव्या लागतात, हे आम्हाला रोज जेवताना ऐकावं लागे. मांजर आडवं गेलं तर बाबा सायकल थांबवून त्याला आधी जाऊ देत आणि म्हणत, "जाऊ दे, त्याले घाई असन." अमावस्येला त्यांनी मुद्दाम केस कापले, शनिवारी मुद्दाम तेल आणलं. आईला वैताग यायचा तो वेगळ्याच कारणासाठी. तिचं म्हणणं, "मुहूर्त पाहत नाही म्हणता, अन् अमावस्या कवा आहे ते पंचांगवाल्याच्या आधी तुमालेच ठाऊक."

अशा घरात मी भुतांची वेडी निघाले. कुठून आलं हे वेड, देव जाणे, म्हणजे आमच्यात तेही म्हणायची सोय नाही. आज पन्नाशी उलटल्यावर नागपूरच्या बेसा भागातल्या माझ्या फ्लॅटमध्ये दर रविवारी चार तरुण पोरं मोठाले खोके घेऊन खेळायला येतात. खोक्यात प्लास्टिकचे राक्षस, यानं, हाडांचे सापळे, आणि नियमांचं एवढं जाड पुस्तक की ते वाचेपर्यंत चहा दोनदा होतो. त्यांना वाटतं, या काकूंना आपण नवा छंद लावला. मी काही बोलत नाही. परग्रहावरच्या सिनेमांबद्दल आणि भुतांच्या सिनेमांबद्दल माझी मतं मात्र मी ऐकवते, आणि ती पोरं बिचारी पोहे खाल्लेले असल्यामुळे ऐकून घेतात. माझं पहिलं मत असं की भूत दाखवायला अंधार करावा लागणं हा दिग्दर्शकाचा आळस आहे. दुसरं मत असं की परग्रहवासीयांनी पृथ्वी जिंकायला यायचं तर मे महिन्यात दुपारी बारा वाजता नागपूरला उतरून दाखवावं. पंधरा मिनिटांत कैरीचं पन्हं मागतील आणि परत जातील.

मे महिन्यातली ती दुपार मला अजून कानानं आठवते. आमची वस्ती जरीपटक्याच्या बाजाराच्या मागे होती. अकरा वाजले की बाजाराचा गलका एकेक दुकान मिटल्यासारखा कमी होत जायचा, आणि मग उरायची ती फक्त कूलरची घरघर. प्रत्येक कूलरचा आवाज निराळा. आमचा खोकायचा, मंदाकडचा शिट्टी मारायचा. ओल्या वाळ्याचा वास, छपराच्या टिनांचा मधूनच होणारा कडकड आवाज, आईनं जवसाची चटणी कुटायची थांबवली की होणारी शांतता. मोठी माणसं झोपलेली असायची आणि रस्त्यावर कुत्रंही नसायचं. रात्री आमच्या वस्तीत इतकी माणसं अंगणात खाटा टाकून पडलेली असत की भुतानं पाय ठेवायचा कुठे हाच प्रश्न होता. खरी भीती वाटायची ती या पांढऱ्याफेक दुपारची. अशा दुपारी मी जवसाच्या चटणीसोबतची भाकर कशीबशी संपवून, पायाला बसणारे चटके सोसत मंदाच्या घरी पळायचे.

मंदा माझ्या वर्गात. तिचे वडील लग्नांची व्हिडिओ शूटिंग करायचे, म्हणून त्यांच्याकडे व्हीसीआर होता आणि कॅसेटींनी भरलेलं एक लोखंडी कपाट होतं. इंग्रजी सिनेमांच्या कॅसेटी कुठून कुठून यायच्या. त्यावरची भाषा आम्हाला येत नसे. मंदाचा मोठा भाऊ सुनील आम्हाला समजावून सांगायचा, आणि त्यालाही ती येत नव्हती हे आम्हाला पुढे कॉलेजात गेल्यावर कळलं. यानाचा कप्तान पाच मिनिटं गंभीरपणे बोलायचा आणि सुनील म्हणायचा, "तो म्हणून राहिला, माह्या सासऱ्याले सांगा मी येत नाही." आम्ही विश्वास ठेवायचो. त्यातल्याच एका सिनेमात एका यानातली माणसं लांबच्या प्रवासाला निघालेली असतात आणि कळतं की आपल्यातला एक जण माणूस नाही. कोण नाही ते कळत नाही. सगळे एकमेकांकडे संशयानं बघायला लागतात. शेवटी एक बाई एका दारापाशी येते, दाराच्या पलीकडे कोण आहे ते आता दिसणार, दार सरकतं, आणि एकदम बँडबाजा! फेटा बांधलेला नवरदेव जिलेबी खात कॅमेऱ्याकडे बघून लाजतोय. मंदाच्या वडिलांनी त्याच कॅसेटीवर कामठीकडचं एक लग्न घेतलं होतं. आम्ही पुढे पळवून पाहिलं, पुढेही लग्नच. पंगत, आहेर, मुलीची पाठवणी. त्या यानातला तो एक जण कोण, हे मला आजतागायत कळलेलं नाही, आणि आता कोणी सांगितलं तरी मी कानावर हात ठेवीन.

पण तेव्हा मला राहवेना. आठ दिवस डोक्यात तेच. शेवटी मी ठरवलं की सिनेमा सांगत नाही तर आपणच शोधून काढू, आणि खेळ तयार केला. बाबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे कंपोझिटर होते; तिथे लग्नपत्रिका छापल्या जायच्या, आणि चुकलेल्या पत्रिका ते घरी आणायचे, पाठकोरा कागद म्हणून. जाड, गुळगुळीत, कोपऱ्यात सोनेरी वेलबुट्टी. त्यातल्या चार कापून मी गुपित पत्ते केले. तीन पत्त्यांवर लिहिलं 'माणूस', एकावर 'भूत'. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आमच्या वस्तीचा नकाशा काढला. प्रत्येक घराचा एक पत्ता केला आणि त्यावर त्या घरातल्या कुणाचं तरी नाव बाबांच्या प्रुफं तपासायच्या लाल शाईनं लिहिलं. चौघांना गुपित पत्ते वाटायचे. आपला पत्ता कुणाला दाखवायचा नाही. भुताची सोंगटी दर फेरीत एक घर पुढे सरकणार, आणि ज्या घरी पोचेल त्या नावावर लाल फुली. वस्ती संपायच्या आत भूत कोण ते ओळखायचं. दर फेरीला सगळ्यांनी एकदम बोट दाखवायचं, ज्याच्याकडे जास्त बोटं त्यानं पत्ता उलटायचा. माणूस निघाला तर बोट दाखवणाऱ्यांनी कान धरून बसायचं. भूत निघालं तर त्यानं उभं राहून, बाकीच्यांचे दहा मोजून होईपर्यंत, अंगात आल्यासारखं घुमायचं. घुमणं मी सिनेमात पाहिलं होतं आणि मला ते फार आवडायचं.

भुताची सोंगटी म्हणून मी स्वयंपाकघरातलं एक सुकलेलं लिंबू घेतलं आणि त्याच लाल शाईनं त्याला दोन डोळे काढले. हसताय ना? वाचणाऱ्याला एव्हाना कळलं असेल, पण मला खरंच कळलं नव्हतं. आमच्या दारावर कधी लिंबू टांगलेलं नव्हतं, कुणाच्या अंगावरून उतरवलेलं नव्हतं, असल्या गोष्टी घरात बोलल्याही जात नसत. लिंबू म्हणजे सरबत आणि वरणात पिळायची फोड, एवढंच आमच्या घरात लिंबाचं शिक्षण. सिनेमातल्या इंग्रजी भुतांना तर लिंबाची गरजच पडत नसे. बाबांनी अंधश्रद्धेपासून मला इतकं लांब ठेवलं होतं की ती दिसते कशी हेच मला माहीत नव्हतं.

आणि भुताचं घर म्हणून, जिथून लिंबू निघायचं ते घर म्हणून, मी नकाशावर जनामायची खोली रंगवली. हे मात्र अजाणतेपणी नव्हतं. जनामाय वस्तीच्या टोकाला एकटी राहायची. उन्हाळाभर लोकांच्या कुरडया, मुगवड्या, सरगुंडे करून द्यायची आणि हातात लांब काठी घेऊन वाळवणाची राखण करत बसायची. गव्हाचा चीक शिजवायची तेव्हा त्याचा वास गल्लीच्या या टोकापर्यंत यायचा, आणि गूळ घालून वाटीभर चीक तिनं मला अनेकदा दिला होता. पण त्या वर्षी ओल्या कुरडया पळवताना तिनं मला पकडलं आणि चार बायकांसमोर "चोट्टी" म्हणाली. मी होतेच, पण चार बायकांसमोर? त्याचा सूड म्हणून भूत तिच्या घरी पाठवलं. आज लिहिताना लाज वाटते.

जनामायच्या खोलीमागे एक अरुंद बोळ होता, दिवसभर सावलीचा. तिथे मी, मंदा, सुनील आणि जो सापडेल तो चौथा असे आम्ही पंधरा दिवस खेळलो. एका दुपारी खेळ रंगात आला होता. लिंबू निघून पहिल्याच घरी, म्हणजे शांताकाकूंकडे, पोचलं होतं आणि त्यांच्या पाच वर्षांच्या पिंकीच्या नावावर मी फुली मारली होती. इतक्यात आकाश पिवळं झालं आणि धुळीचं वादळ आलं. वाळवणं उडायला लागली, बायका ओरडत बाहेर आल्या, आम्हीही धावलो. वादळ गेल्यावर मी खेळ गोळा केला तर लिंबू नव्हतं आणि पिंकीचं नाव लिहिलेला पत्ताही सापडेना. म्हटलं, गेलं उडून, दुसरं लिंबू घेऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांताकाकूंची किंकाळी ऐकू आली. त्यांच्या उंबऱ्याशी लाल डोळ्यांचं लिंबू पडलं होतं, आणि त्याच्या शेजारी लग्नपत्रिकेच्या तुकड्यावर लाल अक्षरात 'पिंकी', वर लाल फुली. आणि आत पिंकी दोन दिवसांपासून तापानं फणफणलेली. ताप कशानं येतो ते मला आता माहीत आहे, त्यांनाही तसं माहीत असणार. पण पोर तापलेलं असताना उंबऱ्यावर असलं काही दिसलं तर डोकं ठिकाणावर राहत नाही, हे मी आज कबूल करते. गल्ली जमली. कुणीतरी आठवण काढली की पिंकीनं परवा जनामायच्या कुरडयांवर पाय दिला होता आणि माय तिच्यावर खेकसली होती, "हातपाय मोडतील तुये!" बस्स. तेवढं पुरलं.

त्या दिवशी नळावर जनामायनं पाण्याचा पितळी गुंड लावला तेव्हा बाकीच्या बायकांनी आपापले गुंड उचलून लांब नेले. कुणी बोललं नाही. तिच्याकडे करायला दिलेले गहू दोन घरांनी परत नेले. दुसऱ्या दिवशी तर आपल्या अंगणासमोरून तिनं जाऊ नये म्हणून कुणीतरी वाटेत खाट आडवी टाकली. आणि यात आमच्यातलेही होते बरं का. जयंतीच्या स्टेजवर बाबांच्या शेजारी बसणारे, पण शर्टाच्या आत काळा दोरा असणारे. ठरलं असं की नरखेडकडच्या एका गावात एक जाणता आहे, त्याला सोमवारी बोलवायचं. तो करणी करणाऱ्याचं नाव सांगेल, आणि ज्याचं नाव निघेल त्यानं वस्ती सोडायची. नाव कुणाचं निघणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. जनामायलाही. ती खोलीचं दार लावून बसली. काठी दाराबाहेर तशीच टेकलेली, आणि वाळवणावर चिमण्या बसलेल्या.

तीन दिवस मी जेवले की नाही ते आठवत नाही. मंदा म्हणाली, "तू सांगशीन तर माहे बाबूजी व्हीसीआर बंद करतीन." सुनील म्हणाला, आपण काहीच पाहिलं नाही. मला भीती होती ती बाबांची, आणि माराची नव्हे, कारण ते मारत नसत. ज्या माणसानं आयुष्यभर भुतं हाकलली त्याच्या घरात, त्याच्याच कागदावर, त्याच्याच शाईनं मी भूत तयार केलं होतं, हे त्यांना कळलं तर ते माझ्याकडे कसे बघतील याची भीती होती.

रविवारी छापखाना बंद असे. सकाळी दहाच्या सुमारास चार-पाच पुरुष आणि शांताकाकू आमच्या दारात आल्या. "भाऊ, तुमी मानत नाही ठाऊक आहे आमाले," त्यातला एक म्हणाला, "पण हे पाहून सांगा ना गा, हे काय आहे मग?" आणि त्यांनी कागदावर ठेवून ते लिंबू आणि तो पत्ता पुढे केला. बाबांनी चष्मा लावला. पत्ता उलटला. मागे सोनेरी वेलबुट्टी आणि 'चि. प्रकाश' ऐवजी 'चि. प्रकाक्ष', ती चूक त्यांनीच पकडली होती आणि त्या पत्रिका त्यांनीच घरी आणल्या होत्या. मग त्यांनी 'पिंकी' हे नाव पाहिलं. कंपोझिटरला अक्षराचं वळण सांगावं लागत नाही. त्यांनी मान वर केली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं, ते एका वाक्यात सांगू शकले असते, आणि ते थांबले. मग माझ्याच तोंडून आलं, "ते माहं आहे. खेळातलं आहे. जनामायनं काही केलं नाही."

मला वाटलं, संपलं. कसलं संपतंय! शांताकाकू एकदम म्हणाल्या, "भाऊ, पोरीले काहून पढवता? त्या म्हातारीले वाचवासाठी पोरीच्या तोंडी देऊन राहिले तुमी." बाकीच्यांनी माना डोलावल्या. खेळात कधी लिंबू असतं का, खेळात कुणी फुल्या मारतं का. मी रडत शपथा घ्यायला लागले तर बाबांनी हात वर केला. "शपथ नको," ते म्हणाले. "खेळ आहे म्हणते ना? मग खेळून दाखव. आज पाच वाजता, कडुलिंबाखाली. शांताबाई, तुमी खेळान. मी खेळीन. अन् जनामाय खेळन."

पाच वाजता सगळी वस्ती जमली होती. कडुलिंबाच्या पारावर मी कॅलेंडर पसरलं. जनामायला बोलवायला बाबा स्वतः गेले. ती आली, डोईवर पदर घट्ट, आणि बसल्या बसल्या तिची नजर नकाशावर गेली. "हे घर माहं आहे ना वं? भुताचं घर माहं काहून?" मी घाईघाईनं सगळे नियम सांगितले, घुमण्यापर्यंत. बाबांनी एक भर घातली, "पाहणाऱ्यायनंबी बोट दाखवाचं. अन् चुकले तर त्यायनंबी कान धराचे. नियम म्हणजे नियम."

मी चार गुपित पत्ते पिसले. आधी शांताकाकूंना दिला. मग जनामायची पाळी, आणि वरच्या पत्त्याच्या कोपऱ्याला माझा अंगठा लागला. पंधरा दिवस खेळून भुताच्या पत्त्याचा एक कोपरा दुमडला गेला होता, आणि तो अंगठ्याला कळायचा. भूत जनामायकडे चाललं होतं. समोर सगळी वस्ती, सगळ्यांचे डोळे त्या म्हातारीवर. तिनं तो पत्ता उलटला असता तर सोमवारची वाट कुणी पाहिली नसती. मी वरचा पत्ता अंगठ्यानं मागे ओढला आणि खालचा तिला दिला. मग भूत बाबांना दिलं आणि उरलेला पत्ता स्वतः घेतला. आयुष्यात खेळात मी एकदाच लबाडी केली, ती ही. भूत मला स्वतःलाही ठेवता आलं असतं, हे खरं आहे. पण खरंच सांगायचं तर, एवढ्या भीतीतही, बाबांना घुमताना बघायची एक चोरटी इच्छा मनात होतीच.

पहिली फेरी. लिंबू एक घर सरकलं. "बोटं!" मी म्हणाले, आणि पारावरून, ओट्यांवरून, खाटांवरून तीसचाळीस बोटं जनामायकडे वळली. मी ते दृश्य कधी विसरले नाही. कुणी काही बोललं नव्हतं इतके दिवस, आणि आता सगळ्यांची बोटं बोलत होती. जनामायनं एकेकाकडे सावकाश पाहिलं. मग तिनं पत्ता उलटला. 'माणूस'. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं तो मला दाखवला आणि विचारलं, "काय लिवलं आहे वं?" मी मोठ्यानं वाचलं. कुणी कानाला हात लावेना. मग बाबा म्हणाले, "धरा कान." आणि आधी एकानं, मग दुसऱ्यानं, मग हळूहळू सगळ्या वस्तीनं त्या म्हातारीसमोर कान धरले. शांताकाकूंनी सगळ्यात शेवटी.

दुसऱ्या फेरीत जनामायनं कुणाची वाट पाहिली नाही. तिचं बोट सरळ बाबांकडे गेलं. "हा आहे. कवाचा गालातल्या गालात हसून राहिला." मग बाकीची बोटं बाबांकडे वळली, जरा हुरुपानंच. बाबांनी पत्ता उलटला. भूत. काय आरोळी उठली! "घुमा गा भाऊ, घुमा! नियम म्हणजे नियम!" बाबांनी चष्मा काढून आईकडे दिला, खिशातलं पेन काढून दिलं, उभे राहिले आणि घुमले. मान अशी गरगर फिरवली, हात असे झाडले, मधूनच अशी डरकाळी फोडली की दोन लहान मुलं पळाली आणि आई तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली. वस्तीनं दहा मोजले, ते मुद्दाम इतके हळू की शेवटी बाबाच म्हणाले, "मोजा ना बापा लवकर!" लोक पोट धरधरून हसत होते. शांताकाकू हसता हसता रडायला लागल्या, आणि जनामायकडे न बघता म्हणाल्या, "सोमवारी कोणाले बलावाचं नाही." जाणत्याला नको म्हणून निरोप गेला.

गोष्ट इथे संपली असती तर बाबांचा विजय पुरा झाला असता. पण सोमवारी डॉक्टरच्या औषधानं पिंकीचा ताप उतरला, आणि मंगळवारी सकाळी पलीकडच्या गल्लीतल्या दोन बायका नारळ घेऊन आमच्या दारात उभ्या. "भाऊच्या अंगात येते म्हणतेत ना? पोरीचा ताप उतरला म्हणे. आमच्या नातवाची नजर काढाची होती." बाबा दाढी करत होते. अर्ध्या गालावर साबण तसाच, त्यांनी त्या बायकांना पंधरा मिनिटं विज्ञान समजावलं. त्या अत्यंत श्रद्धेनं ऐकत राहिल्या आणि जाताना नारळ ओट्यावर ठेवून, पाया पडून गेल्या.

बाबा आत आले. नारळाकडे बघत बसले. मग म्हणाले, "पत्ते आण." मी आणले. त्यांनी भुताच्या पत्त्याचा दुमडलेला कोपरा अंगठ्यानं चाचपला. "वाटताना तुयाकडून सरकला, का सरकवला? मी पाहून राहिलो होतो. माह्याकडे काहून दिला?"

"जनामायकडे गेला असता तर लोकायनं तिले ठेवलं नसतं," मी म्हणाले. "मले वाटलं, तुमच्या हाती गेला तर कोणी भेणार नाही."

बाबांनी नारळाकडे बोट दाखवलं आणि इतके हसले की दाढीचा साबण शर्टावर सांडला. मग डब्यातली कात्री काढली आणि चारही पत्त्यांचा तोच कोपरा, एकसारखा, नीट मोजून कापला. हाताला फरक कळेना. पत्ते त्यांनी माझ्यापुढे ठेवले. "आता जाऊ दे कोणाच्याबी हाती."

"जनामायच्या हाती गेला तर?"

"तिच्या हाती गेला अन् लोक हसले, तवा म्हणू आपण जिंकलो," बाबा म्हणाले. "परवा आपण जिंकलो नाही विशाखा. परवा आपण वाचलो."

त्यानंतर रविवारी संध्याकाळी पारावर खेळ व्हायला लागला. जनामाय महिनाभर माझ्याशी बोलली नाही, पण खेळायला यायची. तिनं बाबांना सांगितलं म्हणून भुताचं घर मी आमच्या घरात हलवलं. भूत कधी मंदाच्या बाबांकडे गेलं, कधी शांताकाकूंकडे. काकू इतक्या लाजत घुमल्या की त्याला घुमणं म्हणायचं की पदर सावरणं, यावर वाद झाला. जनामायकडे मात्र ते जाईना, आणि दर वेळी तिनं 'माणूस' दाखवला की पारावर एक श्वास सुटायचा. मला तो ऐकू यायचा.

पाचव्या का सहाव्या रविवारी तिनं पत्ता उलटला आणि मला विचारलं, "काय आहे वं?" मी वाचलं, "भूत, माय." शांताकाकूंचा हात मांडीवरच्या पिंकीच्या पाठीवर गेला. जनामाय गुडघ्यावर हात टेकत सावकाश उठली, पदर कमरेला खोचला, डोळे मोठे केले आणि आपली पांढऱ्या केसांची मान झाडायला लागली. एक, दोन, तीन... मोजायला सुरुवात शांताकाकूंनीच केली, फार घाईघाईत, पण मोठ्यानं, आणि मग सगळे मोजायला लागले. सातवर येईतो पिंकी आईच्या मांडीवरून उतरली होती आणि जनामायसमोर उभी राहून तिच्यासारखीच मान झाडत खिदळत होती. दहा झाले तरी ती थांबेना. "माय, आणखी एकदा! आणखी एकदा!" लोक हसायला लागले, आधी दबकत, मग खुलेपणानं, आणि जनामाय धापा टाकत खाली बसली. "बस झालं वं पोरी," ती म्हणाली, "कंबर मोडली माही."